कोशातील शेजार आणि शब्दांचे गोत्र

शब्दकोशातील शब्दांची मांडणी हा निव्वळ सोयीचा मामला आहे. अकारविल्हे क्रम लावताना कोशकार शब्दाचे कूळ पाहत नाही, त्याचा दर्जा पाहत नाही, की त्याचा अर्थ पाहत नाही. पहिले अक्षर, मग दुसरे, मग तिसरे, एवढाच त्याचा कायदा, आणि तो तो बिनतक्रार चालवतो. म्हणूनच इंग्रजी कोशात बिशपसारख्या धर्माधिकाऱ्याला एका बाजूने बिस्किटाचा आणि दुसऱ्या बाजूने बायसन नावाच्या रानबैलाचा शेजार मुकाट्याने सोसावा लागतो. या शेजाराला काही अर्थ नाही आणि तो कोणी शोधतही नाही. तथापि त्याच कोशात अशी काही पाने आहेत की ती वाचू लागले असता हा शेजार केवळ योगायोगाचा नसावा अशी शंका बळावत जाते. ओळीने येणारे आठ-दहा शब्द उजेडाबद्दलच बोलतात, पुढे कोठे दहा-बारा शब्द नाकाभोवतीच घोटाळतात, तर आणखी एके ठिकाणी सगळीच मंडळी पिळलेली, मुरडलेली, वाकडी अशी भेटते.

याचा उलगडा एकाच कारणाने होत नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. ज्या गावात अर्धी घरे एकाच आडनावाची असतात, तेथे ती सगळीच एका मूळपुरुषाची असतात असे नाही; काही घरे खरोखरीची भाऊबंद असतात, काहींनी गावाचे नाव घेतलेले असते, आणि काही बाहेरून येऊन, चार पिढ्या शेजार करून, त्याच आडनावाने ओळखली जाऊ लागलेली असतात. शब्दांचेही तसेच आहे, आणि कोणता शब्द भाऊबंद व कोणता आगंतुक हे दप्तर उघडल्याशिवाय कळत नाही.

उपसर्गांमुळे होणारे साम्य येथे बाजूला ठेवू. टेलिफोन, टेलिग्राफ आणि टेलिस्कोप यांच्या आरंभी 'दूर' या अर्थाचे एकच ग्रीक पद मुद्दाम जोडलेले आहे. आपण दूरध्वनी, दूरदर्शन असे शब्द घडवले तेव्हा हेच केले. त्यात गूढ काही नाही.

खऱ्या भाऊबंदकीचा स्वच्छ दाखला 'टी-डब्ल्यू' या दोन अक्षरांनी आरंभ होणाऱ्या शब्दांत सापडतो. टू म्हणजे दोन; त्यातला डब्ल्यू आज उच्चारातून गेला असला तरी लेखनात हजर आहे. ट्वाइस म्हणजे दोनदा, ट्विन म्हणजे जुळे, ट्वेल्व्ह आणि ट्वेन्टी यांच्यात तर दोनाचा आकडा उघडच आहे. पण दोन पदरी दोरा तो ट्वाइन, दोन पदर एकमेकांत गुंतवणे म्हणजे ट्विस्ट, झाडाची दुबेळकी निघणारी डहाळी ती ट्विग, आणि दिवस व रात्र या दोहोंच्या सांध्यावरचा प्रकाश तो ट्वायलाइट, हे मात्र कोणी दाखवून दिल्याखेरीज सहसा ध्यानात येत नाही. हे सारे शब्द एका रक्ताचे असून त्यांचे मूळ आपल्या 'द्वि'शी जाऊन मिळते. संस्कृतातील द जर्मानिक भाषांत नियमाने ट होतो, म्हणून दश तो टेन, दंत तो टूथ, आणि द्वि तो टू. याकोब ग्रिम याने १८२२ मध्ये ज्या वर्णपरिवर्तनाचे कोष्टक मांडले त्याचाच हा एक रकाना होय.

त्याहूनही घरगुती दाखला प्रश्नार्थक सर्वनामांचा आहे. हू, व्हॉट, व्हेन, व्हेअर, व्हिच, व्हाय हे सारे शब्द डब्ल्यू-एच या जोडीने लिहिले जातात, आणि मराठीत त्यांच्या जागी येणारे कोण, काय, केव्हा, कुठे, कोणता, का हे सारे शब्द 'क'ने सुरू होतात. हा योगायोग नव्हे. मूळच्या ओष्ठ्य छटेच्या 'क'चा जर्मानिक शाखेत 'ह्व' झाला आणि आपल्याकडे तो 'क'च राहिला. जुन्या इंग्रजीत ही अक्षरे 'एच' आधी व 'डब्ल्यू' मागून अशी लिहीत. नॉर्मन अमदानीत लेखनिकांनी तो क्रम उलटा केला आणि तीच वहिवाट पुढे कायम झाली. याच न्यायाने दॅट, दिस, देअर, देन हे दर्शक शब्द आपल्या तो, तिथे, तेव्हा यांच्या कुळातले आहेत. येथे एक बारकावा पाहण्याजोगा आहे. टी-एच या जोडीने सुरू होणारे शब्द इंग्रजीत दोन तऱ्हांनी उच्चारले जातात: थिन, थिक, थंब, थ्री, थिंक यांचा उच्चार 'थ'च्या बाजूचा, तर द, दिस, दॅट, दोज, दे, दस यांचा 'द'च्या बाजूचा. आणि शब्दाच्या आरंभी हा दुसरा, घोष उच्चार इंग्रजीत कोणत्याही नामाच्या किंवा क्रियापदाच्या वाट्याला आलेला नाही. तो या दर्शक आणि अव्ययवर्गीय मंडळींचा राखीव हक्क आहे. इंग्रज मूल हा नियम कोणी न शिकवता पाळते.

आता 'डब्ल्यू-आर'कडे वळू. रिंग म्हणजे पिळणे, रेंच म्हणजे हिसका देऊन मुरगळणे, रेसल म्हणजे एकमेकांना पिळे घालीत झुंजणे, राइद म्हणजे वेदनेने पिळवटणे, रीथ म्हणजे गुंफलेला हार, रिंकल म्हणजे सुरकुती, रिगल म्हणजे वळवळणे, राय म्हणजे तिरके, आणि रिस्ट म्हणजे जेथे हात फिरतो ते मनगट. या सर्वांच्या आरंभी एकेकाळी 'व्र' असा जोडउच्चार ऐकू येई. सतराव्या शतकात 'व' गळून पडला आणि छापखान्यांनी स्थिर केलेल्या लेखनात त्याची नुसती निशाणी राहिली. 'वळणे' या अर्थाच्या एका प्राचीन धातूचा हा विस्तार असल्याचे व्युत्पत्तिकार मानतात, आणि संस्कृतातील 'वृत्'ही त्याच धातूच्या पोटचा. त्यातून वर्तुळ आले, आवर्तन आले, आणि 'वर्ति' या शब्दावरून देवापुढची वात आली, जी आपण अजूनही 'वळतो'च. राँग हा शब्दही याच कुळातला: तो स्कँडिनेव्हियन लोकांकडून इंग्रजीत आला आणि त्याचा मूळ अर्थ 'वाकडे' एवढाच होता. त्याच्या उलट राइट म्हणजे सरळ, आपल्या 'ऋजु'चा नातलग. नीती-अनीतीचे सारे जडजंबाळ इंग्रजाने सरळ आणि वाकडे या दोन सुतारी कल्पनांवर उभारले आहे, आणि 'वाकडे पाऊल' म्हणणाऱ्या मराठी माणसाला त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

परंतु याच पानावर राइट, म्हणजे लिहिणे, हाही शब्द आहे, आणि तो मात्र पिळण्याच्या कुळातला नाही. त्याचा मूळ अर्थ ओरखडणे, कोरणे असा होता, कारण जुने जर्मानिक लोक लाकडावर आणि दगडावर अक्षरे कोरीत. गंमत अशी की आपल्या 'लिख्' धातूचाही मूळ अर्थ ओरखडणे हाच आहे; दोन्ही मुलखांत लेखणीच्या आधी अणकुचीदार हत्यार होते.

येथवर रक्ताच्या नात्याची गोष्ट झाली. 'जी-एल' हे दोन वर्ण मात्र आपल्याला दुसऱ्याच प्रदेशात नेतात. ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिसन, ग्लिमर, ग्लिंट, ग्लेअर, ग्लॉस ही सारी तेजाची वाचक; ग्लान्स आणि ग्लिम्प्स ही दृष्टीची; आणि ग्लास हा काचेचा वाचक शब्दही त्यांच्याच पंगतीत बसतो. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने जर्मन लोक अंबरला 'ग्लेसुम' म्हणत असल्याची नोंद केली आहे, आणि काचेचे नाव त्याच चमकत्या पदार्थाच्या नावाशी जोडलेले आहे. ग्लॅड म्हणजे आनंदित. पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'तेजस्वी' असाही होता. आपला 'प्रसन्न' हा शब्दही प्रथम गाळ बसून निवळलेल्या पाण्याचा आणि मागाहून माणसाच्या मुद्रेचा झाला, हे येथे आठवावे. यांतील बऱ्याच शब्दांची मुळे चमकणे आणि पिवळेपणा या अर्थांच्या एका आर्ष धातूकडे नेतात. त्याच धातूतून इंग्रजीत गोल्ड व यलो निघाले आणि संस्कृतात हरि, हरित आणि हिरण्य. हरिद्रा म्हणजे आपली हळद हीही त्याच रंगाची वारसदार.

मात्र सारेच ग्लकार असे खानदानी नाहीत. ग्लान्स हा बहुधा फ्रेंच भाषेतील निसटण्याच्या, घसरण्याच्या अर्थाच्या क्रियापदावरून आला आणि या पंगतीत बसल्यावर त्याचा अर्थ ओझरत्या नजरेचा झाला. सर्वांत नामी इतिहास ग्लॅमरचा. हा शब्द मूळचा ग्रॅमर, म्हणजे व्याकरण! मध्ययुगात लॅटिनचे व्याकरण जाणणारा तो पंडित, आणि पंडिताला मंत्रतंत्र अवगत असणारच, अशी अडाणी जनांची बालंबाल खात्री होती. त्यामुळे या शब्दाला जादूटोण्याचा अर्थ चिकटला. अठराव्या शतकाच्या प्रारंभी स्कॉटलंडात 'र'चा 'ल' होऊन तो ग्लॅमर बनला, डोळ्यांवर घातलेली भुरळ या अर्थाने सर वॉल्टर स्कॉट याने तो साहित्यात रूढ केला, आणि विसाव्या शतकात तो सिनेनटींच्या स्वाधीन झाला. 'ग्र' टाकून 'ग्ल' धारण केल्यावर या शब्दाला जो झगमगाट लाभला तो ग्लिटर आणि ग्लीम यांच्या संगतीने लाभला, असे मानण्यास मला काही हरकत दिसत नाही. व्याकरणाच्या वर्गात पेंगणाऱ्या विद्यार्थ्यांना ही हकीकत अवश्य सांगावी.

मग ध्वनीतच तेज आहे काय? हा वाद फार जुना आहे. मीमांसकांनी शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य, औत्पत्तिक मानला. नैयायिकांनी तो संकेताने ठरलेला मानला. 'काक' हे नाव कावळ्याच्या आवाजाच्या अनुकरणाने पडले असे यास्काने निरुक्तात म्हटले आहे, आणि औपमन्यवाला ते मान्य नव्हते हेही प्रांजळपणे नमूद केले आहे. ग्रीसमध्ये प्लेटोच्या 'क्रॅटिलस' या संवादात हाच खटला चालतो, आणि विसाव्या शतकात फेर्दिनां द सोस्यूर याच्या मरणोत्तर १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी शब्दार्थसंबंध स्वैर असतो असा निवाडा दिला. आपल्या प्रश्नापुरता प्लेटोचा एक दाखला मोठा उपयोगी आहे. त्याच्या संवादात सॉक्रेटिस 'ग' आणि 'ल' एकत्र आले म्हणजे काय सूचित होते ते सांगतो, आणि त्याची उदाहरणे कशाची आहेत? चिकट, गोड आणि बुळबुळीत या अर्थांच्या ग्रीक शब्दांची! ग्लुकोज आणि ग्लिसरीन ही नावे याच गोड घराण्यातली. आणि संस्कृतात 'ग्ल'ने आरंभ होणारा सर्वांना ठाऊक असलेला शब्द कोणता, तर ग्लानी. तेज चढण्याचा नव्हे, उतरण्याचा. (अमरकोशात चंद्राला 'ग्लौ' असे एक नाव आहे खरे, पण एका चंद्राने सिद्धान्त उजळत नाही.) इंग्रजाला जेथे चकाकी ऐकू येते तेथे ग्रीकाला मध लागतो आणि संस्कृतज्ञाला थकवा येतो, तेव्हा तेज ध्वनीत नाही, ते त्या त्या भाषेच्या वहिवाटीत आहे.

ही वहिवाट किती जबरदस्त असते हे 'स्न'वरून दिसते. स्नाउट म्हणजे मुस्कट, स्निफ म्हणजे हुंगणे, स्नॉट म्हणजे शेंबूड, स्नॉर्ट म्हणजे फुरफुरणे, स्नोअर म्हणजे घोरणे, स्नफ म्हणजे तपकीर, आणि स्नीझ म्हणजे शिंकणे. यांतली शिंक मुळात 'स्न'ची नव्हतीच. जुन्या इंग्रजीत ती 'फ्न'ने सुरू होई, आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरही ती तशीच लिहितो. श्वासोच्छ्वासाचे आणखीही काही शब्द याच दुर्घट जोडाक्षराने सुरू होत, आणि घोरण्याचाही त्यांत समावेश होता. पुढे 'फ्न' भाषेतून उठून गेले. त्या काळच्या लिपीत 'एस' हे अक्षर लांब दांडीचे असे आणि 'एफ'शी त्याचा भेद एका बारीक आडव्या रेघेपुरताच राही. तेव्हा अपरिचित झालेला 'फ्न' लोकांनी 'स्न' वाचला असावा असा व्युत्पत्तिकारांचा कयास आहे. पण वाचनातल्या चुका पुष्कळ होतात आणि विरून जातात. ही टिकली, कारण नाकाचे इतर शब्द 'स्न'च्या वाड्यात आधीच नांदत होते आणि शिंकेला तेथे आयती जागा होती.

आणखी पाहा. स्नूप हे क्रियापद डच लोकांकडून अमेरिकेत आले. मूळ डच शब्दाचा अर्थ चोरून गोडधोड खाणे. इंग्रजीत आल्यावर खाणे सुटले, चोरटेपणा तेवढा उरला, आणि आज त्याचा नेमका मराठी प्रतिशब्द 'नाक खुपसणे' हाच होतो. स्नीअर म्हणजे नाक मुरडून हसणे, स्नब म्हणजे नाक ठेचणे, आणि स्नॉब म्हणजे ज्याचे नाक सदैव वर असते तो. आपण जे काम नाकाच्या वाक्प्रचारांवर सोपवतो ते इंग्रजाने दोन व्यंजनांवर सोपवले आहे. अर्थात याच पानावर स्नो आणि स्नेक, म्हणजे बर्फ आणि साप, हेही आहेत, आणि त्यांचा नाकाशी काडीचा संबंध नाही. ज्यांना सिद्धान्ताची घाई असते ते अशा शब्दांवरून पाने भराभर उलटतात.

या शब्दसमूहांची पद्धतशीर दखल प्रथम ज्यांनी घेतली त्यांत जॉन वॉलिस याचे नाव मोठे आहे. हा ऑक्सफर्डचा भूमितीचा प्राध्यापक. अनंताचे चिन्ह गणितात आणणारा तो हाच. १६५३ मध्ये त्याने इंग्रजीचे व्याकरण लॅटिनमध्ये लिहिले आणि त्यात 'डब्ल्यू-आर' म्हणजे वाकडेपणा, 'एस-टी' म्हणजे बळकटी अशी यादी दिली. वॉलिसला हे भाषेचे नैसर्गिक सामर्थ्य वाटले. त्यावर अधिक सावध विचार केला तो जॉन रूपर्ट फर्थ याने. हा यॉर्कशायरचा गृहस्थ १९२८ पर्यंत लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचा प्राध्यापक होता आणि पुढे १९४४ मध्ये लंडनला सामान्य भाषाशास्त्राच्या अध्यासनावर आरूढ झाला. १९३० साली 'स्पीच' या छोटेखानी पुस्तकात त्याने अशा वर्णगुच्छांना 'फोनेस्थीम' ही संज्ञा दिली आणि 'स्ल'ने सुरू होणाऱ्या शब्दांची लांबलचक फेरिस्त मांडली: स्लश, स्लाइम, स्लग, स्लॅक, स्लाउच, स्लॉथ, स्लम. चिखल, बुळबुळ, ढिलेपणा, आळस, गलिच्छपणा. त्याचे म्हणणे असे की ही ध्वनीची करामत नसून सवयीची आहे. ज्या प्रसंगांत एक शब्द वारंवार ऐकला त्याच प्रसंगांत त्याच आरंभाचा दुसरा ऐकला म्हणजे कानाला आणि मनाला एक घडी पडते. त्याच 'स्ल'मध्ये स्लँडर, म्हणजे बदनामी, हा शब्द बसलेला आहे. तो लॅटिन 'स्कँडालम' फ्रेंचमधून झिजत येऊन बनला, आणि त्याचा सख्खा भाऊ स्कँडल आजही इंग्रजीत वेगळा नांदतो. या दोहोंपैकी चिखलफेकीचा वास स्लँडरलाच अधिक येतो, निदान मला तरी.

पुढे बेंजामिन बर्गन याने २००४ मध्ये याची मोजदाद केली. एका प्रमाणभूत इंग्रजी शब्दसंग्रहातील 'ग्ल'ने आरंभ होणाऱ्या शब्दांपैकी सुमारे ३९ टक्के प्रकाशाशी किंवा दृष्टीशी निगडित निघाले. शिवाय ग्लिटरनंतर ग्लो असा शब्द समोर आला तर वाचक तो अधिक त्वरेने ओळखतो, नुसते अर्थाचे किंवा नुसते अक्षरांचे साम्य असलेल्या जोडीपेक्षाही त्वरेने, असे त्याच्या प्रयोगात आढळले. फर्थची सवय अशा रीतीने घड्याळावर रुजू झाली.

मराठीत हा हिशेब कोणी मांडावयास बसला तर त्याला सामग्रीची वाण पडणार नाही. झगमग, झळाळी, झळकणे, झगझगीत, झकपक या तेजाच्या शब्दांत झिलई आहे. ती मूळची अरबी 'जिला'. जुन्या लेखनात ती जिल्हई अशीही सापडते, आणि तिचा 'ज' जाऊन 'झ' आला तो या झगमगत्या शेजाराच्या ओढीने आला असावा, असे माझे मत आहे. त्याहून भरघोस समूह 'चि'चा: चीक, चिकट, चिखल, चिकणमाती, चिवट, चिपड, चिघळणे, आणि यांतून माणसाच्या स्वभावात शिरलेली चिकाटी. यांत काही भाऊबंद आहेत, काही सोयरे आहेत, आणि चिमणी, चिठ्ठी, चिता अशी परकी मंडळीही त्याच पानांवर आहेत. ज्यांच्या घरी जुना मराठी कोश असेल त्यांनी एखाद्या रिकाम्या दुपारी ही पाने उघडून याद्या कराव्यात. मात्र वंशावळ लावण्यापूर्वी चिकूचा विचार करावा. घोलवड-डहाणूच्या बागांत तो आता इतका रुळला आहे की त्याचे नाव 'चीक' या शब्दावरूनच पडले असे कोणीही शपथेवर सांगेल, कारण कच्च्या चिकूला चीक असतोच आणि त्या झाडाच्या चिकापासूनच अमेरिकेत आधुनिक चुइंगमची निपज झाली. तरीही ते झाड मेक्सिको आणि मध्य अमेरिका या मुलखांतले असून, चिकू हे नाव आपल्या 'चिका'शी काही नाते न सांगता तिकडूनच आलेले आहे.